वखारीच्या दारावरची

तर तो लंगडा बोका आमच्यापासून शेपटीभर अंतरावर येऊन बसला आणि म्हणाला, "आता रडणं पुरे. मी झोपणार आहे, आणि तुम्ही दोघं माझ्या पोटाशी झोपणार आहात. लाथा मारायच्या नाहीत, मला आधीच एक पाय कमी आहे."

काल हे सांगायचं राहून गेलं. ओंडक्यांच्या ट्रकमध्ये झोप लागून मी आणि माझी धाकटी बहीण गावाकडून थेट या लाकडाच्या वखारीच्या फाटकाशी येऊन पडलो, इथवर झालं होतं. दोघांचं मिळून वय चार महिने. अंगाला चिकाचा वास, रस्त्याच्या धुळीचा वास, वर घाबरल्याचा वास. फाटकाखालच्या फटीत तेव्हा एक थोराड मांजरी बसायची. तिनं आम्हाला एकदा हुंगलं आणि फिस्स केलं. झालं, वखारीतली सगळी मांजरं उठली आणि आम्ही रस्त्यापलीकडच्या सालींच्या ढिगावर.

आमच्यात ओळख पटते ती नाकानं. सगळ्यांच्या अंगाला एकच वास हवा. भुशाचा, फळ्यांचा, मोटरच्या तेलाचा आणि एकमेकांचा. तो नसेल तर तुम्ही परके, मग तोंड कितीही गोड असो. पण परक्याला आत घ्यायची एक वाट आहे. गोतावळ्यातल्या कुणाच्याही मनात आलं, तर त्यानं बाहेर जाऊन त्या परक्याच्या अंगाला अंग लावून झोपायचं. पाच दिवस. तेवढ्यात परक्याला शिंक आली नाही आणि वखारीचा वास लागला, की दोघांनी मिळून दारावर यायचं. तोवर त्या जाणाऱ्यालाही आत पाय टाकता येत नाही. याला आम्ही सोबत म्हणतो. लंगड्यानं आमची सोबत केली ती ऐन थंडीत, तीन पायांवर, आणि पाचही दिवस तो बोलत होता. मला ही जी बडबडीची खोड आहे ती तिथलीच. त्याच्या बहुतेक गोष्टी खोट्या होत्या, पण ऊब खरी होती.

बहीण मात्र त्या पाच दिवसांत एक शब्द बोलली नाही. नुसती हुंगत होती. लंगड्याचा कान, ढिगावरच्या साली, वारा. सहाव्या दिवशी आत गेल्यावर तिनं चौदाच्या चौदा मांजरांना एकेकदा हुंगलं आणि मला म्हणाली, "दादा, ती चितकबरी परवा आजारी होती." चितकबरी चार फळ्या लांब होती. थोराड मांजरीनं ते ऐकलं, आणि दोन वर्षांनी ती थकली तेव्हा फटीतल्या गोणपाटावर माझ्या बहिणीला बसवून मोकळी झाली. तेव्हापासून सगळे तिला दारावरचीच म्हणू लागले.

चणीनं एवढीशी. रंग करड्या-तपकिरी मिसळीचा, भुशात बसली तर दिसायची नाही. एक कान दुमडलेला. संध्याकाळी करवत थांबली की आम्ही ओळीनं तिच्यासमोरून जायचो. ती कपाळ हुंगायची, गाल हुंगायची, शेपटीचं मूळ हुंगायची आणि मग आपला गाल आमच्या गालाला घासून आत सोडायची. रोज एवढ्या जणांना घासून तिच्या त्या गालावर अख्खी वखार असायची. लबाडी चालत नसे. एकदा मी मासळीच्या शेडकडे जरा फिरून आलो होतो. तरणा होतो, काय सांगू.

"दादा, शेडमागे गेला होतास."

"छे गं. पाण्याच्या टाकीपाशी होतो."

"डाव्या गालाला त्या शेडवालीचा वास आहे. तिसऱ्यांदा भेटतोयस."

मागे रांगेत अकरा जण उभे होते. महिनाभर मला सगळे भावजींसारखं वागवत होते. "बसा ना, पाणी घ्या, शेडकडची मंडळी कशी आहेत?"

एक गोष्ट मात्र तिच्यासाठी बांधलेली होती. दारावरचीनं नाकाचंच ऐकायचं, कुणासाठी शब्द टाकायचा नाही. "याची सोबत कर" असंही कुणाला म्हणायचं नाही, आणि स्वतः दार सोडून सोबतीला जायचं तर नाहीच. फार पूर्वीच्या एका दारावरचीनं आपल्या सख्ख्या बहिणीला शिंकत असताना आत घेतलं होतं. आठवड्यात भुशातल्या पाच पिल्लांचे डोळे चिकटले आणि पाचही गेली. तेव्हापासूनचा हा नियम, आणि तो मोडावा असं कुणाला वाटलेलंही नव्हतं.

फळ्यांच्या थप्पीमागे भुसा साचतो, तिथं आमच्या मांजरी वितात. दोघीतिघी एकदम व्याल्या की पिल्लं एकत्रच असतात, जी आडवी होईल तिचं दूध. कुठलं कुणाचं हे विचारायची पद्धत नाही. पण चुन्या माझ्या बहिणीचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिची चार झाली, तीन राहिली नाहीत, हा राहिला. काळा कुळकुळीत आणि हनुवटी तेवढी पांढरी, चुन्यात तोंड घातल्यासारखी. आणि नाकाची एवढी हुशार माझी बहीण, पण पहिला आठवडाभर तिला ती हनुवटी मळली आहे असं वाटत होतं. चाटून चाटून पोराला टक्कल पाडलं. चितकबरी म्हणाली, "अगं, रंग आहे तो." तरी हिचं आपलं चालूच.

मी त्याचा मामा. थप्पीवर चढायला मी शिकवलं, करवत चालू असताना कुठल्या बाजूनं जायचं ते मी शिकवलं. माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच होता. मध्येच झोपला तर उठून विचारायचा, "मग मामा, पुढे?"

तो वर्षाचा असताना वखारीत एक बाई पिंजरा घेऊन आली. आत मासळीचा तुकडा. चुन्या गेला, दार पडलं, बाई पिंजरा उचलून गेली. नऊ दिवस बहीण गोणपाटावरून जेमतेम खाण्यापुरती उठली.

दहाव्या दिवशी दुपारी, करवत चालू असताना, तो भिंतीच्या कडेनं पळत आला. वाळला होता. एका कानाचं टोक कापलेलं. अंगाला फिनाईल, औषध, कुणाच्या तरी घरातला साबण. मी दहा पावलांवरूनच नाक फिरवलं.

"आई, मी आलो."

तिनं कपाळ हुंगलं, गाल हुंगला, शेपटीचं मूळ हुंगलं. मग पुन्हा पहिल्यापासून. ती कुणालाच दुसऱ्यांदा हुंगत नसे. मागे भुशात तेव्हा सात पिल्लं होती, अजून डोळे न उघडलेली.

"आई, मी आहे ना. चुन्या."

तिनं फिस्स केलं.

सगळे उठले. मीही दोन पावलं धावलो, खोटं का सांगू. पाठलाग सुरू झाला की पाय आपोआप उचलतात. तो रस्ता ओलांडून सालींच्या ढिगावर जाऊन बसला आणि आमच्याकडे बघत राहिला.

आता कुणीतरी सोबतीला जाणार हे उघड होतं. मला वाटलं चितकबरी जाईल, दूध पाजलंय तिनं. पण ती त्या सातांत अडकलेली. मग वाटलं, त्याच्या बरोबरीचे दोघं जातील. ते माझ्याकडे बघत होते. थंडी कडाक्याची होती, आणि करवतीच्या मोटरवरची ऊबदार जागा मला गेल्याच हिवाळ्यात मिळाली होती. उठलो की दुसरा बसणार, पाच दिवसांनी परत कोण देतो? हे मी तेव्हा स्वतःशी इतकं स्पष्ट म्हटलं नाही. तेव्हा म्हटलं, तिच्या मनात काय आहे कुणाला ठाऊक. उगाच आपण मध्ये कशाला पडा.

पहिल्या संध्याकाळी तो तिकडून ओरडला, "मामा, इकडे ये ना जरा."

मी भिंतीवरून म्हटलं, "थांब, बघतो."

आत जाताना बहिणीनं माझं कपाळ हुंगलं. "दादा, बाहेर वारा फार आहे का रे?"

"आहे थोडा."

"हं," ती म्हणाली, आणि गाल घासला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुझं अंग आज बरंच गरम लागतंय."

"मोटरवर होतो दिवसभर."

"हं."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठलो. खाऊन उठलो, तेही सांगतो. भिंतीवर चढलो तेव्हा ढिगावर चुन्याच्या शेजारी मासळीच्या शेडकडची एक म्हातारी बसली होती आणि त्याच्या गालाला गाल घासत होती. किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. ती उठली, तो तिच्यामागे उठला. जाताना त्यानं मागे बघितलं नाही, असं मी वखारीत सगळ्यांना सांगितलं. बघितलं होतं.

दोन महिन्यांनी हद्दीच्या भिंतीवर शेडवाल्यांशी आमची जुंपली. माशाचं एक डोकं, दुसरं काही नाही. त्यांच्यात तो होता, चांगला भरलेला, अंगाला बर्फाचा आणि मासळीचा वास. बहीण कधी भांडणात यायची नाही, त्या दिवशी आली. त्याच्यापासून शेपटीभर अंतरावर जाऊन उभी राहिली. त्यानं मान पुढे करून तिला हुंगलं, नीट, अगदी तिनं शिकवलं होतं तसं. कपाळ, मग गाल. आणि मग कान पाडून तिच्यावर फिसकारला. परक्यावर फिसकारावं तसा, रीतसर.

ती वळली आणि गोणपाटावर जाऊन बसली. करवत थांबल्यावर आम्ही रोजच्यासारखे ओळीनं गेलो. माझी पाळी आली तेव्हा तिनं हुंगलं, गाल घासला, आत सोडलं. त्यात तिनं त्या दिवशी काही कमी केलं असतं, एखादा नखाचा ओरखडा काढला असता, तर मला बरं वाटलं असतं.

पुढं सहा वर्षं ती दारावर होती. एकदाही चुकली नाही, आणि चुन्याचं नाव तिनं काढलं नाही. माझ्या गोष्टींतूनही तो गळला. म्हणजे मी गाळला. मग तिची नजर गेली, सांधे धरले, आणि चितकबरीच्या नातीला गोणपाट देऊन ती मोटरवर माझ्या शेजारी येऊन पडू लागली. गेल्या थंडीत ती गेली. त्याच्या आठेक दिवस आधी, दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकातून आमच्यावर पडलं होतं, करवत जेवणासाठी थांबली होती, आणि मला एकदम राहवलं नाही.

मी म्हटलं, "तू मला एकदा नुसतं म्हणाली असतीस ना, तर मी त्याच्या सोबतीला गेलो असतो."

ती पंजा चाटत होती. तो पुरता चाटून झाला. मग तिनं माझ्या कपाळाला नाक लावलं.

"दारावर बसून मला म्हणता येत नव्हतं, दादा. आणि मला वाटलं, तू मामा आहेस, तुला सांगावं लागणार नाही."