फांदी खटकते

मालिनीताई सोहनींना आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळे घाबरतात, आणि घाबरावंच. रत्नागिरी आणि आसपासचे आम्ही साठेक हौशी फोटोवाले. कुणी मास्तर, कुणी बागायतदार, मी मालगुंडला एका शाळेत ग्रंथपाल. कुणी समुद्र टाकतं, कुणी पक्षी. बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. ताई मात्र फोटो मोठा करून कोपरान् कोपरा बघतात. तीस वर्षं लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्त तपासलं, ती सवय जाणार कुठे? पण नुसती खोट काढून थांबत नाहीत, ती कशी घालवायची तेही सांगतात. म्हणून तर त्यांच्या एका ‘छान’साठी माझा जीव टांगणीला लागायचा.

मे महिन्यात मी बुलबुलाच्या घरट्याचा फोटो टाकला. घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, करवंदीची जाळी, त्यात तीन पिल्लं चोची वासून बसलेली. ताईंनी लिहिलं, ‘प्रकाश छान. समोरची फांदी खटकते.’ त्या दिवशी एवढंच. माझं डोकं फिरलं. नवऱ्यानं कुवेतहून पाठवलेला नवा कॅमेरा, दोन तास उन्हात उभी राहिलेली मी, आणि ह्यांना दिसली काय, तर फांदी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयती घेऊन गेले, फांदी छाटली आणि नवा फोटो टाकला. पटापट अंगठे आले.

मागोमाग ताईंचा फोन आला.

“सुरय्या, फांदी कुठे गेली?”

“वाऱ्यानं मोडली असेल,” मी म्हटलं.

“मोडलेली अशी साफ दिसत नाही गो. कापल्येस तू. पिल्लांच्या अंगावर थेट ऊन येतंय, आणि कावळ्यांना आता घरटं उघडं. आधी जाऊन फांदी होती तिथे बांध. मी येत्ये.”

मी धावत गेले. फांदी जाळीखालीच पडली होती. ओढणीची पट्टी फाडून ती बांधताना काटे हातात शिरत होते आणि मला गाठ बसेना. घरट्यात बघायचा धीर झाला नाही. आवाज मात्र एकाही पिल्लाचा येत नव्हता. बांधून झाल्यावर लांब काजूखाली जाऊन बसले. बुलबुल काही येईना.

तासाभरानं ताई रिक्षातून उतरून सडा चढत आल्या. घामानं निथळत होत्या. आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली.

“आली का ती?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

त्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, “दोन पावलं डावीकडे सरक, एवढंच लिहायचं होतं मला. सुनेचा फोन आला आणि राहिलं. मग वाटलं, एवढं तर तुला कळेलच.”

“कोयती मी चालवली, ताई. आणि वर खोटं बोलले.”

“होय. पण ती तुझ्या हातात मी दिली.” मला सकाळचे अंगठे आठवले. इतक्या जणांनी वा वा केली होती, आणि त्यातल्या एकालाही काही खटकलं नव्हतं.

एक कावळा येऊन जाळीच्या टोकावर बसला. ताईंनी चप्पल काढून फेकली. नेम चुकला, पण तो उडाला.

साडेअकराच्या सुमाराला बुलबुल आली. चोचीत हिरवा किडा होता. आधी वरून गेलेल्या विजेच्या तारेवर बसली, मग जाळीवर, मग पुन्हा तारेवर. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. शेवटी ती फांदीआड शिरली.

“किती उरलीत ते बघून येऊ?” मी कुजबुजले.

“नको,” ताई म्हणाल्या. “परत जवळ नको जाऊस.”

आम्ही दोघी पानांकडे बघत राहिलो. बुलबुल बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. म्हणजे निदान एक तरी होतं.