स्पिरिटवाले राऊत

मधुकर राऊत गेल्याचे मला बोईसर स्टेशनबाहेर एका टांगेवाल्याकडून कळले. मधुकरलाच भेटायला निघालो होतो. "कोनाकडे? स्पिरिटवाल्या राऊतांकडे? ते गेले की परवा. कावीळ झालेली." घोड्याचा पट्टा आवळत त्याने पुढचेही सांगून टाकले, "सरकारी स्पिरिट पिऊन काळीज कुठवर टिकनार, साहेब..." नंतर हेच मी चहाच्या दुकानात ऐकले, दवाखान्याच्या पायरीवर ऐकले आणि तेराव्याच्या पंगतीतही ऐकले. म्हणून आधी दुरुस्ती करतो. मधुकर दारू पीत नव्हता. सरावलीत, जिथे तो राहत होता, त्या पावसाळ्यात घरोघर कावीळ होती. ती त्यालाही झाली. आणि दवाखान्यातले स्पिरिट प्यायला मुळात शिल्लकच नसायचे.

तो क्षयाची थुंकी तपासणारा तंत्रज्ञ होता. मूळचा मनोरचा, माझा शाळेतला सोबती. मुंबईत शिकून तो इकडे परतला तेव्हा त्याला बोईसरच्या सरकारी दवाखान्यात एक खोली मिळाली, खिडकीच्या उजेडावर चालणारे सूक्ष्मदर्शक मिळाले आणि कुलूप असलेले एक कपाट मिळाले. काम सांगायला सोपे आहे. थुंकी काचपट्टीवर पसरायची, लाल रंग घालून तापवायची, आम्लाने धुवायची. क्षयाचे जंतू असले तर तेवढेच लाल राहतात. त्या रंगाची भुकटी नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिट लागते. आणि राज्यात दारूबंदी असल्यामुळे स्पिरिटला परवाना लागतो. मधुकरची बहुतेक भांडणे या शेवटच्या दोन वाक्यांतून निघाली.

भांडणे त्याला आवडतही असत, हे नोंदवले पाहिजे. बायका चारचौघांत खाकरायला लाजत आणि डबीत नुसती लाळ आणून देत, तेव्हा तो अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडे, "ही तोंडातली हाय! मला छातीतला बेडका पाहिजे!" मग स्वतःच त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला गोणपाटाचा आडोसा बांधून आला. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम सुरू झाले, बाहेरून मजूर आले, खोकणाऱ्यांची रांग फाटकापर्यंत गेली. स्पिरिट मात्र पूर्वी ठरले होते तेवढेच. त्याने वाढ मागितली. उत्तर आले की मागणी अचानक का वाढली याचा खुलासा करावा. त्याने खुलासा केला. मग एक अधिकारी कपाट तपासायला आला, त्याने रिकाम्या बाटल्यांचे वास घेतले, आणि त्या दिवसापासून गावात त्याचे नाव स्पिरिटवाले राऊत पडले.

हिराबाई त्याच काळात आली. तारापूरच्या किनाऱ्यावरची, सुके बोंबील विकणारी. थुंकीची डबी ती टोपलीत बोंबलांखाली लपवून आणी, कारण खोकल्याचा संशय आला की गिऱ्हाईक तुटते. ती वाळली होती, रात्रीचा ताप होता, पण दवाखान्यातली इंजेक्शने मोजकी. तपासणीत जंतू दिसल्याशिवाय सुरू करायची नाहीत असा आदेश होता. आणि लाल रंग संपला होता. पहिल्या खेपेला मधुकरने तिला परत पाठवले. दुसऱ्या खेपेला ती खिडकीशी उभी राहिली. "भाऊ, आज पन नाय?"

"नाही. स्पिरिट नाही."

"ते दारूसारकंच ना? मग आमच्या पाड्यात पायजे तेवडी हाय. सांगायचं नाय आदी?"

ती खरेच घेऊन आली. पहिल्या धारेची. मधुकरने काडी लावून पाहिली, निळी जळली. ती दोनदा गाळून त्याने रंग तयार केला. जंतू नक्की असलेली एक जुनी काचपट्टी आणि नक्की नसलेली एक, दोन्ही त्याने हिराबाईच्या काचपट्टीबरोबर रंगवल्या. जुन्या दोन्ही जशा दिसायला हव्यात तशाच दिसल्या. हिराबाईची लाल जंतूंनी भरलेली होती. त्याने निष्कर्ष लिहिला आणि खाली रंग कशात विरघळवला तेही लिहिले.

इंजेक्शनांसाठी दवाखान्याच्या डॉक्टरांची सही लागे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद वाचला, दार लावून घेतले आणि म्हणाले, "राऊत, ही शेवटची ओळ काढा. मी लगेच सही करतो."

"ओळ काढली तर उद्या कुणी विचारेल, स्पिरिट नसताना तपासणी झाली कशी? मग वरचीही खोटी ठरेल."

"आणि ओळ ठेवून सही केली तर सरकारी दवाखान्यात हातभट्टीची दारू सापडली, असं होईल."

दोघेही बरोबर होते, आणि हिराबाई बाहेर बाकावर खोकत होती. त्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मी विचारले, ती ओळ लिहिलीसच का. मधुकर भडकला. "तू वर्तमानपत्रवाला ना? मग मला काय खोटं लिहायला शिकवतोस?" ... ओळ राहिली. सही झाली नाही. परवान्याचे स्पिरिट पोचल्यावर त्याने पुन्हा तपासले. जंतू तेच, आता जास्त. इंजेक्शने सुरू झाली, हिराबाई जगली. मधल्या काळात ती ज्या खोपटात झोपत होती, तिथेच तिची मुलगी शेवंती झोपत होती. शेवंती आता खोकते.

गेल्या आठवड्यात मी त्या खोलीत गेलो. मधुकरच्या जागी अजून कुणी आलेले नाही. रंगवायचे काम डॉक्टर स्वतः करायला तयार आहेत. कपाटात स्पिरिटची भरलेली बाटली आहे, वाढवून मागितलेली, तो गेल्यावर आलेली. तिचे सील तोडता येत नाही, कारण परवाना मधुकर राऊत या नावाने आहे. डॉक्टरांनी नाव बदलण्यासाठी लिहिले, मृत्यूचा दाखला जोडला. परवाना देणाऱ्या कचेरीचे उत्तर टेबलावर होते. हिराबाई आणि शेवंती समोर बसल्या होत्या, डबी शेवंतीच्या मांडीवर.

"काय लिवलंय?" हिराबाईने विचारले.

डॉक्टरांनी वाचून दाखवले. आधीच्या परवानाधारकाने समक्ष हजर राहून शिल्लक साठा नव्या परवानाधारकाच्या ताब्यात द्यावा.

"समक्ष म्हनजे?"

"म्हणजे राऊतांनी स्वतः यायला हवं."

"मग तुमी कचेरीला कळवलंत का नाय, भाऊ जळले म्हनून?"

"कळवलं होतं, बाई."

शेवंतीला उबळ आली. डॉक्टरांनी उठून खिडकी उघडली. खिडकीच्या कडीवर मधुकरच्या बोटांचा लाल रंग अजून आहे.