कोणाच्या कार्डावर

सरकारी जीआर वाचायची मला खोड आहे. अकोल्यात मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो, पण आरोग्य विम्याची योजना बदलली तेव्हा गणितापेक्षा जास्त मी तीच शिकवली. पोरांचे आईबाप आले की त्यांना बसवून घ्यायचो. जुनी योजना पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला होती, आता पांढऱ्यालाही आहे, कार्डावर नाव असलं की झालं. लोक मान डोलवायचे आणि मला चेव यायचा.

त्यामुळे मायच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, आठवड्याभरात ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी घाबरलो, पण खर्चाला नाही. ऐपत नव्हती, पण योजना होती. दवाखान्यात योजनेचे कागद बघायला एक आरोग्यमित्र मुलगी बसायची. मी ऐटीत तिच्यासमोर रेशनकार्ड ठेवलं.

तिनं नंबर टाकला. "काका, यात तुम्ही, काकू आणि तुमची मुलगी आहे. आजी नाहीत."

मी म्हणालो, नीट बघा. ते म्हणत असतानाच मला आठवलं. नाव मीच कापलं होतं.

बाप गेल्यापासून माय सहा महिने माझ्याकडे असायची आणि सहा महिने दर्यापूरजवळच्या गावी दादाकडे. आम्ही तिला पाळी म्हणायचो, आणि त्या शब्दाची कधी लाज वाटली नाही. आमच्याकडे घरोघरी तसंच चालतं. जुन्या योजनेत माझं पांढरं कार्ड कामाचं नव्हतं, दादाचं केशरी होतं. माय त्या कार्डावर असलेली बरी, असा शहाणपणा मलाच सुचला. मी स्वतः अर्ज भरला, सुवाच्य अक्षरात, आणि नाव कमी केल्याचा दाखला दादाच्या हातात दिला. पुढं त्यानं नाव चढवायचं होतं.

मी दादाला फोन लावला.

"त्या साली दिवाळी झाली अन् माय तुह्याकडं गेली," तो म्हणाला. "मले वाटलं, तुनंच चढवलं असन. कागदाचं सारं तूच करतं."

म्हणजे मायबरोबर ते कामही पाळीनं फिरत राहिलं होतं. ती गावी असली की मला वाटायचं, दादा करेल. ती अकोल्यात असली की दादाला वाटायचं, मी करेन. तीन वर्षं कागदावर माझी माय कोणाच्याच घरात नव्हती. मला दादाचा संताप आला. मग स्वतःचा आला, तो अजून गेलेला नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांना नुसत्या आधारवर योजनेचं कार्ड मिळतं, असं त्या मुलीनं सांगितलं. मायच्या आधारवर सहासष्ट होतं. आपली आई आणखी म्हातारी असती तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात हलवू का, म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढा प्रवास तिला झेपणार नाही.

दुसऱ्या दिवशी दादा पहिल्या बसनं आला आणि आम्ही दोघं तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो. तिथले बाबू भले माणूस निघाले. मायची फाईल पाहून त्यांनी आम्हाला रांगेतून पुढं घेतलं.

"दोघंही भाऊ ना? मंग कोणाच्या कार्डावर टाकू?" त्यांनी विचारलं. "एकदा टाकलं की घडीघडी बदलता येणार नाही."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. योजनेपुरतं म्हणाल तर आता दोन्ही कार्डं सारखीच होती, हे मीच गावाला शिकवलं होतं. पण प्रश्न तेवढाच नव्हता. ज्याच्या कार्डावर, त्याच्याच घरी कायमची, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तिकडं दवाखान्यात माय एकेका श्वासासाठी झगडत होती आणि मी घरातल्या खोल्या मोजत होतो. शेवटी बाबूंनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या," मी म्हणालो. दादानं मान खाली घातली.

नाव त्याच दिवशी चढलं. पण ते दवाखान्याच्या यादीत दिसायला वेळ लागतो, हे कुठल्याच जीआरमध्ये मी वाचलं नव्हतं. रोज दहाला मी त्या मुलीच्या टेबलाशी उभा राहायचो, ती नंबर टाकायची आणि नाही म्हणून मान हलवायची. वर गेलो की माय माझ्या तोंडाकडं बघायची.

पाचव्या दिवशी तिनं नाकावरची नळी जराशी बाजूला केली. "कोणाच्या घरी टाकलं मले?"

"माझ्या."

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती थोडा वेळ वर पंख्याकडं बघत राहिली.

"सुनबाईले इचारलं काय?"

"इचारलं," मी म्हणालो. विचारलं नव्हतं. तिलाही ते कळलं असावं, कारण तिनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर तिनं पाणी मागितलं, दादा जेवला का ते विचारलं, पण कार्डाचा विषय पुन्हा काढला नाही.

सातव्या दिवशी सकाळी ती गेली. दादा गाडी ठरवायला बाहेर गेला होता. मी वॉर्डात तिच्या चपला आणि लुगडं पिशवीत भरत होतो. तेवढ्यात ती आरोग्यमित्र मुलगी जिने चढून धापा टाकत आली. रोज मला नाही म्हणणं तिलाही जड जात असणार. तिचा चेहरा फुलला होता.

"काका, आलं आजींचं नाव. लवकर खाली चला, मंजुरीला पाठवते."

माझ्या मागं आया पलंगावरची चादर काढत होती. मुलीला तो रिकामा पलंग दिसला आणि ती दारातच थांबली. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर जिना उतरून तिच्या टेबलाशी गेलो. पडद्यावर चार नावं होती. मायचं नाव मी बोट ठेवून वाचलं.