पाळकबाईंचा नवरा दारावर

पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरच्या, बायकोला पाळकीणबाई म्हणतात. पाळकबाईंच्या नवऱ्याला काय म्हणायचं, हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत अजून कुणी ठरवलेलं नाही. इथे अमेरिकेत मी नुसताच 'पास्टर सुहासिनींचा हजबंड'. माझं नाव बाळ आढाव, वय एकोणसाठ, हे विचारतो कोण?

सुहासिनी नागपूरची. बावीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीत ती मेथडिस्ट पंथाची पाळक झाली. मेथडिस्टांत कुणी कुठल्या चर्चला जायचं ते बिशप ठरवतो. हुकूम आला की जुलैत चंबूगबाळं उचलायचं आणि चर्चच्या नव्या घरात शिरायचं. बाकीचे पाळक आठ-दहा वर्षं एका जागी टिकतात. आमची सात घरं झाली, कारण बाईंना गप्प बसवत नाही! एका चर्चमध्ये तिने विचारलं, दफनभूमीत काळ्या लोकांच्या कबरी कुंपणाबाहेर का? बदली. दुसरीकडे विचारलं, कमिटीत सगळे गोरेच कसे? पुन्हा बदली. माझी नोकरी लॅपटॉपवरची, म्हणून निभावलं. पण खरं सांगतो, ज्यांनी ते कुंपण जपलं त्यांच्याच हातांनी तिने ते काढवलं, तेव्हा माझी छाती फुगली होती.

मग पार्सिपनी गावचं चर्च मिळालं. बाजारात कोवळी मेथी, शेजारी मराठी माणसं. "आढावकाका, ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता हो!" असं म्हणणारी, पण मराठी! मी हात जोडले. "सुहास, रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत. आता इथून हलायचं नाही. जरा दमानं घे."

"बघू," ती म्हणाली. तिचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या चर्चच्या दारावर स्वागताला अर्ल नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गोरे आजोबा, कमिटीतले जुने मेंबर, उभे राहायचे. खाली तळघरात दर रविवारी गरजूंना फुकट धान्य देतात. कुणी काळा माणूस उपासनेला आला, की अर्ल प्रेमाने सांगायचे, "धान्याची रांग मागच्या दाराला." दोनदा असं झालं. सुहासिनीने त्यांना दारावरून काढून पार्किंगला नेमलं, आणि दारावर मला.

मी काय ऐटीत होतो! बावीस वर्षं वर्णभेदावरची तिची व्याख्यानं ऐकलेला माणूस. मला कोण शिकवणार?

तिसऱ्याच रविवारी एक काळ्या बाई आल्या. साधा कोट, हातात फाइल. मी अगदी अदबीने हसून म्हटलं, "मॅडम, धान्याची रांग मागच्या दाराला."

बाई "थँक यू" म्हणाल्या आणि मागे गेल्या.

उपासनेनंतर कमिटीची मीटिंग होती. त्याच बाई आत आल्या. त्या होत्या डॉक्टर लॉरेटा पेटवे, नव्या सुपरिंटेंडंट, म्हणजे बिशपचा उजवा हात. आम्हाला इथे ठेवायचं की हलवायचं, त्याचा रिपोर्ट त्या देणार होत्या. त्यांनी टेबलावर मक्याचे दोन डबे आणि पास्ताचं पाकीट ठेवलं. "तुमची धान्याची व्यवस्था उत्तम आहे. दारावरच्या गृहस्थांनी आग्रहाने पाठवलं, मग रांगेत उभी राहून बघितली."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"अर्ल!" सुहासिनी कडाडली. दारावर तिनेच मला नेमलं होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. "किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

आणि अर्ल लाल झाले. सकाळभर पार्किंगमध्ये उभा असलेला माणूस, पण त्यालाही वाटलं, असा घोटाळा झाला म्हणजे आपणच केला असणार. "माफ करा, मॅम," ते डॉक्टर पेटव्यांना म्हणाले. आणि मान खाली घालून उभे राहिले.

मी गप्प बसलो असतो तर बाईही बहुधा काही बोलल्या नसत्या. पार्सिपनी वाचलं असतं. मी मेथीचासुद्धा विचार केला, खोटं कशाला बोलू! पण ती खाली गेलेली मान बघवेना.

"तो मी होतो," मी उठून म्हटलं. "पास्टर सुहासिनींचा हजबंड."

सुहासिनीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती सरळ अर्लकडे गेली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. तिचे डोळे भरून आले होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"आता आमची बदली करणार असाल," ती डॉक्टर पेटव्यांना म्हणाली, "तर मी काही म्हणणार नाही."

"बदली कशाला?" बाई फाइल मिटत म्हणाल्या. "इथेच राहा. अजून घरचंच काम बाकी दिसतंय."

कमिटी पोट धरून हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

पुढच्या रविवारी दारावर अर्ल आणि मी, दोघेही. एक काळा तरुण आला. मी झटकन पुढे होऊन "गुड मॉर्निंग, वेलकम" म्हटलं, आत नेऊन बसवलं. सुहासिनीने लांबून बघितलं आणि खुशीत मान हलवली. पण 'वेलकम' म्हणायच्या आधी माझे डोळे त्याच्या बुटांवरून फिरून आले होते, फाटके आहेत का बघायला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.