शिंप्याने दिलेलं स्वतःचं माप

पन्नास वर्षं मी लोकांचे कपडे शिवले आणि स्वतःच्याच लेंग्यात पाय अडकून पडलो. लेंगा चार बोटं लांब होता, आणि दुमडून टीप मारायला मला वर्षभर सवड मिळाली नव्हती. दिव्याखाली अंधार! कपाळ शिलाई मशीनच्या कडेवर आपटलं. बायकोने ओढतच इस्पितळात नेलं.

धंद्याची एक खोड मला आहे. गिऱ्हाइकाची कंबर चाळीस भरली की कागदावर चाळीस लिहायची, तोंडाने मात्र "अडतीस" म्हणायचं. माणूस खूश, विजारही नीट बसते. डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली तशी जीभ आपोआप त्याच वळणावर गेली.

"वय?"

"एकाहत्तर." एकोणऐंशी पूर्ण आहेत.

"याआधी पडला होतात?"

"छे!" दोनदा.

"गोळ्या?"

"किरकोळ. ताकदीच्या."

"मग टाके घालते आणि घरी सोडते," बाई म्हणाल्या. मी ऐटीत बायकोकडे पाहिलं. पडलो तरी नाक वर.

"अहो, लाज वाटू द्या थोडी!" ती कडाडली. "बाई, यांना ऐंशीवं लागलंय. पडायची ही तिसरी खेप. मूत्रपिंडं अशक्त आहेत, आणि रक्त पातळ करायची गोळी रोज घेतात."

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "आजोबा, उभ्याउभ्या पडणं साधं वाटतं. पण या वयात, ही गोळी चालू असताना, डोक्यात रक्त झिरपत राहतं. माणूस बोलता बोलता जातो. मी तर तुम्हाला घरी पाठवत होते!"

स्कॅनमध्ये रक्त दिसलंच. गोळीवरचा उतारा टोचला, आणि तीन दिवस मी जगतो की जातो ते कुणी सांगेना. मी घाबरलो. रडलोही, आणि तेही नर्ससमोर.

चौथ्या दिवशी धोका टळला. बाई बायकोला म्हणाल्या, "आजी, तुम्ही खरं बोललात म्हणून हे वाचले. तुम्ही नाही ना कधी पडत?"

"मी? कधीच नाही," ती म्हणाली आणि तिने ब्लाउजची बाही खाली ओढली.

ती बाही मीच लांब करून दिली होती, गेल्याच महिन्यात. थंडी वाजते म्हणाली होती. माप घेताना कोपराखालचं काळंनिळं मला दिसलं होतं. मी माप लिहिलं आणि कात्री उचलली.

"बाई," मी म्हणालो, "आता हिला तपासा."