फुकटची हमाली

किस्से धानाच्या पोत्यांसारखे असतात. एकावर एक ठेवत गेलं की थप्पी उंच होते, आणि खालचं पोतं काढायचं तर वरची सगळी आधी उतरवावी लागतात. मूल गावच्या राईस मिलमध्ये मी तीस वर्षं पोती उचलली, म्हणून एवढं मला कळतं. शाळा तिसरीपर्यंतच. लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. सगळ्यात खालचं पोतं शेवटी निघेल.

चंद्रपूरला लोक चांदा म्हणायचे आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती, तेव्हाच्या या गोष्टी.

एका वर्षी माघात मिलचं इंजिन बंद पडलं. सुटे भाग नागपूरहून यायचे होते, म्हणजे पंधरा दिवस सुट्टी! त्याच सुमाराला आमच्या रिटायर झालेल्या गुरुजींना एक प्लॅन सुचला. चार-पाच जणांनी पाठीवर आपापलं ओझं घ्यायचं आणि सूरजागडच्या डोंगरांतून दहा दिवस पायी चालत भामरागडला जायचं. वाट दाखवायला तिकडचाच एक माणूस ठरवला होता. काम काही नाही. नुसतं चालायचं!

आमचा मुकादम ऐकून आमच्याकडे पाहतच राहिला. "ओझं उचलाचं, डोंगर चढाचा, अन् मजुरी नाई? अबे, याले हमाली नाई म्हनत. याले डोकं फिरलं म्हन्तेत!"

*

मी आणि श्रावण म्हणजे मिलमधली एक जोडी. पोतं दोघांनी धरून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं असतं. एकाचा हात खाली राहिला की पोतं गेलंच. बारा वर्षं आमचा हात वरखाली झाला नव्हता. कोणी "श्रावण" म्हणून हाक मारली तरी मी वळून बघायचो.

आणि या श्रावणाने गुरुजींकडे आपलं एकट्याचं नाव देऊन टाकलं!

मी तडक गुरुजींकडे गेलो. "माह्यं बी नाव लिहा जी."

गुरुजी म्हणाले, "अहो दामाजी, श्रावण सांगत होता, तुमच्याने चालवणार नाही."

माझ्या डाव्या पायावर एकदा पोत्यांची थप्पी कोसळली होती. तेव्हापासून मी सावकाश चालतो. बोलतोही सावकाश, पण त्यात थप्पीचा दोष नाही. ते काही असो, श्रावणाने हे परस्पर का सांगावं?

"लिहा," मी म्हणालो. "अन् त्याच्या नावाच्या वर लिहा!"

गुरुजींनी खरंच वर लिहिलं. तेवढ्यावर मला दोन दिवस बरं वाटलं.

*

गुरुजींकडे लढाईनंतर मोडीत विकायला आलेली लष्करी खाकी बॅग होती. दवाखान्यातला कंपाउंडर आमच्यात चौथा. त्याने औषधांची पेटीच पाठीला बांधली. आमच्या दोघांच्या पाठपिशव्या मी बारदानाच्या शिवल्या. श्रावणाचीसुद्धा मीच शिवली, राग असूनही. बारदानाची मूळची सुतळी सडकी, म्हणून तोंडाला आणि खांद्याच्या पट्ट्यांना मिलची नवी, पक्की सुतळी. वर आमची गाठ. ही गाठ श्रावणाच्या बापाने आम्हा दोघांना शिकवली होती. कितीही ओढा, सुटत नाही. पण आत खोचलेलं टोक खेचलं की एका झटक्यात मोकळी. ती येणारे जगात आम्ही दोघंच!

गुरुजींनी ठरवून दिलं होतं, दहा शेरांपेक्षा जास्त ओझं कोणी घ्यायचं नाही. आता दोन मणांचं पोतं उचलणाऱ्या माणसाला दहा शेर म्हणजे काय? पाठीवर काही आहे असं वाटेचना. मी सारखा मागे हात लावून पाहत होतो, पिशवी पडली की काय! तोल जायला लागला. शेवटी श्रावणाने नाल्यातला एक चांगला धोंडा उचलून पिशवीत टाकला. त्याने टाकला म्हणून मीही टाकला, त्याच्यापेक्षा मोठा.

संध्याकाळी मुक्कामाला आमच्या वाटाड्याने, लालसूने, पिशव्या झाडाला टांगायला उचलल्या. हा माडिया माणूस, बारीक अंगाचा, खांद्यावर कुऱ्हाड. बोलणं आमच्या मराठीत, पण मोजकं. त्याने माझ्या पिशवीतून धोंडा काढला. मग श्रावणाच्या पिशवीतून काढला. दोन्ही धोंडे शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत बसला.

"दादा," तो म्हणाला, "आमच्या डोंगरात दगड नाई, असं कोनी सांगतलं तुमाले?"

*

लालसूची अंतर मोजायची रीत वेगळी होती. गुरुजींनी विचारलं, "पुढचं गाव किती लांब?" त्याने चालता चालता एक हिरवी डहाळी तोडून दिली. "हे पान सुकन, तवा गाव येईन."

गुरुजींनी डहाळी जपून ठेवायला कंपाउंडरकडे दिली. दोन टेकड्या झाल्या, तीन झाल्या, गाव काही येईना. गुरुजी विचारायचे, "पान सुकलं का हो?" कंपाउंडर सांगायचा, "नाही, चांगलं टवटवीत आहे!" दिवस कलला तेव्हा लालसूने स्वतः येऊन पाहिलं. कंपाउंडरने डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, आणि वरून दर तासाला पाणी शिंपडत होता!

"फेका ती आधी," गुरुजी ओरडले. "नाहीतर आपण जन्मभर चालत राहू!"

*

डोंगरातल्या वाटेवर माणसं एकामागे एक चालतात. पुढे लालसू. त्याच्या मागचा नंबर पहिल्या दिवशी गुरुजींचा होता. दुसऱ्या दिवसापासून तिथे श्रावण! सगळ्यात शेवटी मी. मधल्या दोघांच्या डोक्यांवरून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं, पण विनोद कशावर चाललाय ते कळायचं नाही. असं हसणं फार वाईट.

वाट फुटली की लालसू नको त्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकायचा. मागून येणाऱ्याने समजायचं, ही वाट बंद. श्रावण ते शिकला. झाडांची नावं शिकला. दोन दिवसांत गोंडी शब्दसुद्धा शिकला!

एका चढावर मी धापा टाकत बसलो होतो. श्रावण मागे आला आणि त्याने भोपळ्याची तुंबडी पुढे केली. "घे, येर पे."

येर म्हणजे पाणी. एवढं मलाही कळलं होतं.

"मले पानी पाह्यजे," मी म्हणालो. "येर तुह्या लालसूले पाज!"

तो तुंबडी घेऊन गेला. पुढचा नाला दीड कोसावर होता!

*

तंबाखूचा किस्सा पुढे मिलमध्ये सगळ्यांना पाठ झाला.

आमची चंची एकच, ती श्रावणाकडे असायची. तो मळायचा आणि पहिली चिमूट मला द्यायचा. बारा वर्षांत कधी चुकलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने तंबाखू मळली, चुना झाडला, आणि पहिली चिमूट लालसूला दिली. माझ्या डोळ्यांदेखत! मग माझ्यापुढे हात केला.

"नोको," मी म्हणालो.

दुपारपर्यंत माझं डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडेनात. कंपाउंडरने विचारलं, काय झालं? श्रावणाने खाली बघत सांगितलं, "तंबाखू सोडली जी त्यानं. सकाळपासून."

झालं! गुरुजींना भरून आलं. त्यांनी सगळ्यांना मोहाच्या झाडाखाली बसवून व्यसनावर भाषण केलं, माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "याला म्हणतात मनाचा निग्रह!" लालसूने कुठलंसं मूळ उगाळून माझ्या कपाळाला लावलं. ज्याच्यापायी डोकं दुखत होतं तोच औषध लावत होता.

त्यानंतर पाच दिवस मला कोणासमोर तंबाखूला हात लावता आला नाही.

*

आठव्या दिवशी एका खिंडीत फांद्यांचा आणि दगडांचा मोठा ढीग लागला. तिथून जाणाऱ्याने एक डहाळी किंवा एक दगड वाहायचा आणि मनात मागायचं ते मागायचं, अशी तिकडची रीत. गुरुजींनी वाहिला, कंपाउंडरने वाहिला. श्रावणाने डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं.

मीही दगड ठेवला. आज सांगायला लाज वाटते, पण मी मागितलं, "बापा, या लालसूचा पाय मुरगळू दे. जास्त नोको. चार दिवस."

दहा पावलंही गेलो नसेन, माझाच पाय मुरगळला!

देवाची चूक म्हणता येणार नाही. लंगडा कोण, ते त्याने पाहिलंच असेल.

लालसूने माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि मला आधार देत जवळच्या पाड्यावर नेलं. रात्री कसला तरी पाला वाटून त्याने पायाला बांधला. सकाळी उठलो तर सूज उतरलेली, पाय टेकवता येत होता. पण पाय बरा आहे असं सांगितलं असतं तर मान कोणाला मिळाला असता? त्याच्या पाल्याला!

"पाय गंज दुखते," मी कण्हत म्हणालो. "माह्याच्यानं आज होत नाई. तुमी व्हा पुढी. मी उद्या बाजारच्या लोकायसंग येतो."

हे मी श्रावणाकडे बघून म्हणालो. भामरागड तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. मला एवढंच पाहायचं होतं, की हा म्हणतो का, "मी थांबतो याच्यासंग."

श्रावणाने माझ्या पायाकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या ये मंग." आणि लालसूच्या मागे लागून निघून गेला.

*

आता खालचं पोतं.

पाड्यावर मी तासभर दम धरला असेन. तेवढ्या वेळात मनात त्या दोघांना भामरागडच्या नदीवर बसवलं, एका चंचीतून तंबाखू खायला लावली, माझ्यावर हसवलं. मग मात्र राहवेना. काठी घेतली आणि त्यांच्या मागे निघालो.

पहिल्या फाट्यावर एका वाटेला मोईच्या झाडाच्या फांदीचा अडसर. दोन रोपट्यांना आडवी बांधलेली. माझं डोकं सणकलं. मी उद्या येणार, तेही बाजारच्या माणसांसोबत, असं सांगितलं असताना हा लालसू कोणाला वाट दाखवतोय? की आपली हुशारी दाखवतोय? मी फांदीला हिसका दिला. बांधलेलं तटकन तुटलं. फांदी, सुतळी, सगळं नाल्यात फेकून दिलं आणि मोकळ्या वाटेने पुढे गेलो.

दुसऱ्या फाट्यावर पुन्हा फांदी. पुन्हा हिसका दिला. या वेळी तुटेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. म्हणून वाकून पाहिलं, कशाने बांधलंय.

लालसू सुतळी वापरत नसे. तो वेलाने बांधायचा, नाहीतर फांदी नुसती टाकायचा.

मग आत खोचलेलं टोक धरून खेचलं. गाठ एका झटक्यात मोकळी झाली. फांदी होती तशीच वाटेवर आडवी ठेवली आणि सुतळी खिशात घातली.

त्यानंतर आणखी चार फाटे लागले.

दिवस मावळायच्या आत भामरागडला पोचलो. नदीच्या वाळूवर सगळे बसले होते. मला बघून गुरुजी उठलेच. "अहो दामाजी! तुम्ही तर उद्या येणार होता! आणि या तुमच्या श्रावणाला काय झालंय ते विचारा आधी. वाटेत सारखा मागे राहायचा, पिशवीची सगळी सुतळी सोडून बसला. का, ते सांगत नाही. अर्धी वाट ओझं छातीशी धरून चालला!"

लालसू हसत होता. "पान्यावरच्या बाया मले इचारत होत्या, दादा, याचं लेकरू बिमार हाये का म्हनून!"

तोंड उघडं पडलेली, पट्टे नसलेली पिशवी मांडीवर घेऊन श्रावण बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. खिशातून सुतळ्या काढून त्याच्यापुढे वाळूवर ठेवल्या. त्याने एकेक उचलून सरळ केली. पाच भरल्या.

"एक नाल्यात गेली," मी म्हणालो.

"ठाऊक हाये." त्याने चंची काढली, तंबाखू मळली, चुना झाडला, आणि गुरुजींची पाठ वळलेली पाहून पहिली चिमूट माझ्या हातावर ठेवली. "पहिल्या फाट्याले मी सडकीच सुतळी बांधली होती."