घाण्याच्या घराची तुळई

शिशिलीच्या घराचं नाव दोलारेचेआ. म्हणजे तिथल्या भाषेत घाण्याचं घर. उर्कियागा गावात माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, घराच्या नावाने ओळखतात. आणि घाण्याच्या घरात घाणा नव्हता. शिशिलीच्या आजोबांनीसुद्धा तो पाहिला नव्हता. सफरचंदांचा रस काढायला त्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या मिकायोच्या घरी जात.

मिकायो हे कोणाला विसरू देत नसे. घाण्याच्या घरात घाणा नाही, नुसती घाण, असं तो चर्चच्या ओसरीत बसून चारचौघांत म्हणायचा. साठ वर्षांत विनोद बदलला नव्हता. शिशिली खिशातली किल्ली वाजवत आत जायची.

चर्चची ती किल्ली तिच्याकडे एकेचाळीस वर्षं होती. त्याआधी आईकडे होती. झाडणं, घंटा देणं, मेणबत्त्या लावणं तिचंच. आत फरशीत प्रत्येक घराची एक शिळा आहे. पूर्वी घरची मेलेली माणसं आपापल्या शिळेखाली पुरत. कुठली शिळा कोणाची, हे तिला डोळे मिटून सांगता येई. भिंती दगडी, पण छप्पर सगळं ओकचं. वर पाहिलं की पालथ्या घातलेल्या होडीसारखं दिसतं. दोनशे वर्षांपूर्वी आधीचं छप्पर जळालं आणि गावाने एका हिवाळ्यात हे उभं केलं. त्यापलीकडे कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

यंदा छप्पर गळायला लागलं. तपासणीला शहरातून नागोरे नावाची तरुण वास्तुविशारद आली. परांची बांधली गेली. मधल्या मोठ्या तुळईवरचा जुना चुना खरवडला, तर टोकाशी वीतभर रुंद भोक निघालं. नागोरेने खाली येऊन सांगितलं, तुळई आतून पोखरलेली दिसते. काढावी लागेल, लोखंडी घालू.

शिशिलीला ते पटेना. लाकूड पोखरलं की भुसा पडतो. एकेचाळीस वर्षांत त्या तुळईखाली चिमूटभर भुसा पडला नव्हता. झाडणारी तीच होती.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती शिडी चढली. उतरवायला बैल आणू का, असं मिकायोने खालून विचारून घेतलं.

तिने भोकात हात घातला. बोट एका खाचेत बसलं. खाच वळली. वळत वळत आत गेली. शिशिली थांबली. लहानपणी मिकायोच्या घाण्याच्या आट्यांना चरबी चोळायचं काम तिच्याकडे असे, तिची बोटं बारीक म्हणून. त्या घाण्याच्या लांब तुळईलाही टोकाशी असंच भोक होतं; त्यातून जाड लाकडी स्क्रू फिरवला की तुळई सफरचंदांवर दाबली जाई. बोटं आता जाड झाली होती, पण विसरली नव्हती.

"पोरी, कीड आटे पाडत नाही," ती म्हणाली.

नागोरेनेही हात घातला. बराच वेळ बाहेर काढला नाही. मग तिने बॅटरी लावून तुळईची खालची बाजू पाहिली, ठोकून पाहिली, बारीक गिरमिट घालून पाहिलं. लाकूड आतून टणक होतं. डोंगराएवढी सफरचंदं दाबलेली तुळई ती. छपराचं ओझं तिला काय होणार?

जळाल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात गावाला एवढं लांब लाकूड एकाच घरात सापडलं असणार. त्या घराने आपला घाणा मोडून दिला. कुठे लिहिलं नाही. मुलांनाही सांगितलं नाही. नाव तेवढं ठेवलं.

"आजी, तुळई इथून हलत नाही," नागोरे म्हणाली. "भोक चुन्याने बुजवून टाकू."

"बुजवू नकोस. दिसू दे."

छप्पर झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मिकायो प्रार्थनाभर वर बघत होता. ओसरीत आल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे घाणा होता म्हणायचा."

"होता नाही, आहे," शिशिली म्हणाली. "दर रविवारी सगळं गाव त्याच्याखाली बसतं. तूसुद्धा साठ वर्षं बसलास, मिकायो. पण तुझ्यातून रस काही निघाला नाही."